पोहता येत नाही, तरी त्रिशूलीत उतरलो

कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असेल, कोणी लोकलमध्ये लटकून, कोणी शेतातली मोटार चालू करून बांधावर बसून. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे कसं' थोडे कमी केलेत.

आजचा विषय व्हाइट वॉटर राफ्टिंग. रबरी होडीत बसून फेसाळत्या नदीतून खाली यायचं, ते. मी मुक्ताईनगरचा, वय अठ्ठावीस, बी.टेक. करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मला पोहता येत नाही. आणि मार्च २०२५ मध्ये, आयुष्यातल्या पहिल्या परदेशवारीत, मी नेपाळच्या त्रिशूली नदीत राफ्टिंग केलं. बऱ्याच जणांनी इन्स्टावर फोटो बघून विचारलं, भीती नाही वाटली का? वाटली ना! पण ती नेमकी कशाची वाटायला हवी होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. ते सांगायलाच हा भाग.

तापीकाठचा, आणि पोहता येत नाही?

हा प्रश्न मला पुण्यात नेहमी येतो. 'अरे, तुमच्याकडे तर तापी आहे!' आहे ना. तापी आहे, पूर्णा आहे. दोघींचा संगम आमच्याच तालुक्यात, चांगदेव गावाजवळ. खाली भुसावळकडे हतनूर धरण, त्यामुळे संगमाच्या आसपास वर्षातले बरेच महिने बॅकवॉटर. म्हणजे आम्ही लहानपणी जी नदी बघितली ती रुंद, संथ, मातकट. इकडून दगड टाकला तर समोरच्या काठाच्या निम्म्यातही जायचा नाही.

आणि पावसाळ्यात तीच नदी बातम्यांमध्ये. हतनूरचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दरवाजे उघडले, इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. आमच्याकडच्या शाळकरी पोराला किलोमीटर आणि क्विंटलच्या बरोबरीने क्युसेक हा शब्द माहीत असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी, हे मात्र कोणी सांगत नाही. आकडा मोठा आला की घाबरायचं, एवढंच शिकवलं जातं.

त्यात नदी म्हणजे देव. मुक्ताबाई मेहूणला तापीच्या काठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, ही कथा आमच्याकडे प्रत्येक घरात. गावाचं जुनं नाव एदलाबाद, मुक्ताईनगर हे नाव त्यांच्यावरूनच. त्यामुळे नदीशी आमचं नातं हात जोडायचं. काठावर जायचं, पाणी डोळ्याला लावायचं, मागे फिरायचं. पोहायला शिकणारी पोरं विहिरीत शिकली, कमरेला डबा बांधून. मला तेही जमलं नाही, कारण आईने विहिरीकडे फिरकूच दिलं नाही.

घरचा नकार, आणि त्यामागचं कारण

नेपाळला जायचं ठरलं तेव्हा आई आधी काही बोलली नाही. पशुपतिनाथाचं दर्शन होईल म्हणून खूशच झाली. मग मित्राने ग्रुपवर टाकलेला राफ्टिंगचा व्हिडिओ तिने माझ्या फोनवर बघितला. म्हणाली, 'काय रे बाप्पा, पानी काय पाह्यलं नाही का तू?' आणि विषय बंद.

ही नेहमीची आईची काळजी आहे असं तुम्हाला वाटेल. पण जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला नेपाळ आणि नदी हे दोन शब्द एकत्र आले की काय आठवतं, ते सांगतो. २३ ऑगस्ट २०२४. पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली. त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले यात्रेकरू होते, वरणगाव आणि आसपासच्या गावांतले. २७ जण गेले. दुसऱ्या दिवशी वायुदलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आणले.

वरणगाव म्हणजे मुक्ताईनगरहून भुसावळला जाताना रस्त्यात लागणारं गाव. आमच्याकडे प्रत्येकाची कुठे ना कुठे तिथे सोयरीक, ओळख, नाहीतर कोणी वर्गमित्र. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कोणी टीव्ही मोठ्याने लावला नाही. तर आईच्या डोक्यात नेपाळची नदी म्हणजे ती नदी. मी तिला काय सांगणार होतो, की ही वेगळी आहे? नकाशा उघडला तर तसं सांगण्याचीही सोय नव्हती. मर्स्याङ्दी पुढे मुगलिंगला जिला मिळते, तीच त्रिशूली.

मी त्या अपघाताच्या कारणांवर बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण एक गोष्ट तेव्हाच माझ्या डोक्यात अडकली होती. ते सगळे नदीत गेले, पण ते नदीवर गेलेले नव्हते. ते रस्त्याने चालले होते. बसमध्ये, आपापल्या सीटवर. हा फरक मी तेव्हा आईला नीट समजावू शकलो नाही, कारण मलाच तो नीट मांडता येत नव्हता.

शेवटी वडिलांनी मध्यममार्ग काढला. 'जा, पण रात्रीच्या बसने फिरायचं नाही. आणि जे काय करशील ते आधी सगळं विचारून घे.' दोन अटी. त्यातली पहिली किती महत्त्वाची होती ते पुढे येतंच.

जायचं कसं, पटकन सांगतो

आम्ही चौघं, सगळे कॉलेजचे मित्र. भुसावळहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौली सीमा, मग बुटवल, पाल्पामार्गे पोखरा. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. तुम्ही-आम्ही ज्या वयाचे आहोत त्यांना नुसतं आधार कार्ड चालत नाही, हे लिहून ठेवा. आमच्यातला एक जण घरी मतदार कार्ड शोधण्यासाठी ट्रंका उपसत बसला होता. आपले शंभर रुपये म्हणजे तिकडचे एकशे साठ, हा दर ठरलेला. आम्ही गेलो तेव्हा शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट तिथे कायद्याने चालत नव्हती, म्हणून खिशात शंभराच्या नोटांची गड्डी. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. परदेशात आल्याची माझ्यासाठी तीच पहिली खूण. पंधरा मिनिटांचा परदेश!

सगळ्यात भीतीदायक भाग

पोखऱ्यात दोन दिवस काढून आम्ही सकाळी लवकर काठमांडूच्या रस्त्याला लागलो. राफ्टिंग याच रस्त्यावर, चरौंदी नावाच्या ठिकाणाहून सुरू होणार होतं. हा पृथ्वी राजमार्ग. पोखऱ्यापासून मुगलिंगपर्यंत रस्ता रुंद करण्याचं काम चालू, सगळीकडे धूळ. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल खाली नदी.

आबूखैरेनी आलं. नाव वाचलं आणि आम्ही चौघंही गप्प झालो. बातम्यांत ऐकलेलं नाव. कोणी फोटो काढला नाही. खिडकीतून खाली बघितलं, हिरवट पाणी, पांढरे धोंडे. माझ्या शेजारच्याने मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, त्याचे ओठ हलताना दिसले.

आणि तेव्हा मला जाणवलं की मी दोन महिने राफ्टिंगच्या व्हिडिओला घाबरत होतो, आणि आत्ता या क्षणी, जिथे खरोखर जीव धोक्यात आहे तिथे, मी कानात गाणी लावून बसलो होतो. बसमध्ये चढताना मला कोणी काही सांगितलं नव्हतं. पट्टा आहे का, दार कसं उघडतं, ड्रायव्हर किती तास चालवतोय, काही नाही. मीही विचारलं नव्हतं. बसला काय विचारायचं? बस म्हणजे बस.

त्याच वर्षी जुलैमध्ये, १२ जुलै २०२४ ला, मुगलिंग-नारायणघाट रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळली आणि दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. पावसाळा होता, पहाटेच्या अंधारातली वेळ होती. वडिलांची 'रात्री फिरायचं नाही' ही अट मला तेव्हा जुन्या पिढीची वाटली होती. त्या रस्त्यावर बसून ती मला सगळ्या प्रवासातली सगळ्यात हुशार ओळ वाटली.

पाण्यात उतरण्याआधीचा अर्धा तास

आता चरौंदी. नदीकाठच्या वाळूवर निळ्या राफ्ट, हेल्मेट, जॅकेटचा ढीग. आमचा गाईड आमच्याच वयाचा नेपाळी मुलगा. आम्ही त्याला दाइ म्हणायचो, तो आम्हाला भाइ. हिंदी चांगलं बोलायचा. त्याने अर्धा तास आम्हाला पाण्याला हातही लावू दिला नाही. मी त्या अर्ध्या तासावर जरा थांबणार आहे, कारण सगळ्या सहलीतला सगळ्यात कामाचा भाग तोच.

पहिलं, लाइफ जॅकेट. त्याने प्रत्येकाचे पट्टे स्वतः ओढले. मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचललं. ते कानापर्यंत आलं तर सैल, पुन्हा ओढा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. आपल्याकडे फोटोसाठी जॅकेट नुसतं खांद्यावर अडकवतात ना, तसं असेल तर ते नसल्यासारखंच.

दुसरं, वल्हं. त्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते. एक हात कायम त्या मुठीवर. का? तो हात सुटला की मूठ शेजारच्याच्या दातावर जाते. दाइ हसत म्हणाला, नदीपेक्षा वल्ह्याने जास्त दात पडतात.

तिसरं, हुकूम. पुढे, मागे, थांबा, धरून बसा, खाली बसा. पाचच. वाळूवर ठेवलेल्या राफ्टमध्ये बसून आम्ही ते पाच-सहा वेळा केले. काठावर चहा पिणारे लोक आमच्याकडे बघून हसत होते, कोरड्या वाळूत वल्हं मारतायत म्हणून!

चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. पडलात तर काय. हे नीट ऐका, कारण हे फक्त राफ्टिंगसाठी नाही. पाण्यात पडलात की पाठीवर झोपायचं, पाय पुढे, म्हणजे प्रवाह जिकडे चाललाय तिकडे. पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. दगड आला तर पायाने ढकलायचा, डोक्याने नाही. आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीच करायचा नाही. पाणी कमरेएवढं असलं तरी नाही. पाय दोन दगडांमध्ये अडकला की मागून येणारं पाणी पाठीवर ढकलतं, माणूस वाकतो, आणि गुडघाभर पाण्यातसुद्धा त्याचं तोंड पाण्याखाली जातं.

हे ऐकून मला आमच्याकडचे फरशी पूल आठवले. पुलावरून गुडघाभर पाणी चाललंय, आणि कोणीतरी मोटारसायकल घालतंय. दरवर्षी पावसाळ्यात ही बातमी येते. इंजिनिअरिंगला शिकलेलं गणित असं, की पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट. डोळ्याला मात्र पाणी तेवढंच, गुडघाभर दिसतं.

पाचवं, दोरी. काठावरून किंवा राफ्टमधून दोरीची पिशवी फेकतात. ती छातीशी दोन्ही हातांनी धरायची, पाठीवरच राहायचं. हाताला गुंडाळायची नाही, कारण गरज पडली तर सोडता आली पाहिजे. आणि राफ्टच्या खाली सापडलात तर? हात वर करायचे, राफ्टच्या बुडाला लावायचे आणि एकाच दिशेने हात पुढे टाकत जायचं. दोन-तीन सेकंदांत बाहेर. दिशा बदलली तर मात्र आत फिरत राहाल.

मग त्याने विचारलं, 'तैरना किसको आता है?' आमच्यातला रावेरचा मित्र, विहिरीत वरून उड्या मारणारा गडी, लगेच म्हणाला, 'एकदम बढिया आता है!' दाइने त्याला मागे, आपल्या अगदी शेजारी बसवलं. मला वाटलं, मान दिला. नंतर दाइ म्हणाला, ज्याला येत नाही तो मी सांगतो तसं करतो. ज्याला येतं तो स्वतःचं डोकं चालवतो, म्हणून त्याला मी हाताच्या अंतरावर ठेवतो.

अडीच तास

त्रिशूली तिबेटमधून येते. नेपाळी श्रद्धेप्रमाणे शंकराने गोसाइँकुंडाजवळ त्रिशूळ मारला आणि तिथून ती निघाली. गोसाइँकुंड ४,३८० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवले तरी पुरायचे नाहीत. तिथलं बर्फाचं पाणी मार्चमध्ये कसं असेल? पहिला शिंतोडा अंगावर आला आणि मी मराठीत असं काही बोललो की दाइलासुद्धा अर्थ कळला.

सुरुवातीला पाणी शांत, काचेसारखं हिरवं. मग पुढून आवाज येतो. आधी आवाज, मग नदी दिसायची बंद होते. म्हणजे समोर पाण्याची एक कडा दिसते आणि त्यापलीकडे काहीच नाही, अधूनमधून उडणारा पांढरा फेस. त्या कडेला पोचलो की मग खाली काय आहे ते कळतं. पोट हलकं होतं, नाक खाली, समोरून लाट भिंतीसारखी, आणि दाइ ओरडतोय 'फॉरवर्ड, फॉरवर्ड!' मला वाटायचं अशा वेळी धरून बसावं. पण वल्हं मारत राहिलं तरच राफ्ट सरळ राहते. राफ्टचा वेग पाण्याएवढाच झाला की ती नुसतं लाकूड होते, पाणी नेईल तिकडे जाते. पाण्यापेक्षा थोडं जास्त किंवा थोडं कमी वेगाने गेलं तरच तिला वळवता येतं.

तिथल्या प्रत्येक उसळत्या टप्प्याला नाव आहे. एकाचं नाव 'अपसेट', दुसऱ्याचं 'सरप्राइज'. जगभर अशा टप्प्यांना एक ते सहा असे दर्जे देतात. एक म्हणजे हलकी हालचाल, सहा म्हणजे जवळपास अशक्य. त्रिशूलीचा हा भाग साधारण तीनच्या आसपास. पहिल्यांदा जाणाऱ्यांना पुरेसा.

एका टप्प्यात राफ्ट दगडाला तिरकी लागली आणि आमचा रावेरचा गडी पाण्यात. पट्टीचा पोहणारा. वर आला आणि त्याने काय केलं? तोंड राफ्टकडे करून सपासप हात मारायला लागला, पाय खाली, उभा. विहिरीत तेच करतात. विहिरीत पाणी थांबलेलं असतं, काठ जागेवर असतो. इथे फेसात हवाच जास्त, हात मारले तरी धरायला पाणी नाही. दाइ ओरडला, 'पैर ऊपर! पैर ऊपर!' आम्हीही मराठीत ओरडलो, 'पाय वर कर!' तीन-चार सेकंद गेले. मग तो पाठीवर वळला, बूट पाण्यावर दिसले, आणि आमच्यासोबत चालणारी एकट्या माणसाची छोटी कयाक त्याच्यापाशी पोचली. तिचं टोक धरून तो शांत पाण्यात आला. दाइने त्याला जॅकेटच्या खांद्यांना धरून आत ओढलं. तेच खांदे, जे त्याने वाळूवर उचलून बघितले होते.

सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल. मित्र नंतर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'यार, मला माहीत होतं काय करायचंय. अंग ऐकेना.' म्हणूनच ते वाळूवर सहा वेळा करून घेतात.

पुढे नदी रुंद आणि संथ झाली. दाइ म्हणाला, ज्याला उतरायचंय त्याने उतरा. मी राफ्टच्या कडेवर बसलो. दोन मिनिटं बसूनच राहिलो. मग पाठीवर सोडून दिलं. थंडीने श्वास अडकला, कानात पाणी, आणि मग मी तरंगत होतो. अठ्ठावीस वर्षं नदीकाठी काढलेला माणूस पहिल्यांदा नदीत. वर दोन डोंगरांमधली आकाशाची पट्टी. माणसाचं शरीर पाण्यात तसं जवळपास तरंगतंच, थोडासाच आधार कमी पडतो. तो आधार माझ्या अंगावर चार पट्ट्यांनी बांधलेला होता. घाबरायचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी तापीचं नाव घेतलं. उगाच. कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगतोय.

पासपोर्ट नको असेल तर कोलाड

सगळ्यांना नेपाळ जमेल असं नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग होतं. तिची गंमत वेगळीच. तिथलं पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच म्हणा ना! मुळशी धरणातलं पाणी सह्याद्रीतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडतात, तिथे वीज तयार होते, आणि मग ते पाणी कुंडलिकेत येतं. भिऱ्याचं केंद्र १९२७ चं, टाटांचं. याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि त्याचे नेते सेनापती बापट. म्हणजे आपण ज्या लाटेवर ओरडतो, ती लाट कोणाच्या तरी बुडालेल्या शेतावरून आलीय. जाताना एवढं लक्षात असू द्या.

वीजकेंद्रातून पाणी सुटतं म्हणून राफ्टिंग सकाळी. पाणी आलं तर नदी, नाही तर दगड. आणि मग आमच्या तापीत का होत नाही? पांढऱ्या पाण्याला तीन गोष्टी लागतात. उतार, अरुंद पात्र आणि मोठे दगड. आमच्याकडे तिन्ही नाहीत. हतनूर भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २१४ मीटर, आणि समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. घाईच नाही तिला.

परत आल्यावर

आईला व्हिडिओ दाखवला. तिने लाटा बघितल्याच नाहीत. ती तो वाळूवरचा भाग पुन्हा पुन्हा बघत होती, जॅकेट उचलून बघतात तो. म्हणाली, 'हे बसवाले का नाही करत?'

बघा, जे मला आबूखैरेनीला जाणवलं आणि शब्दांत मांडता येत नव्हतं, ते तिने पाच शब्दांत विचारलं. राफ्टवर सगळे मान्य करतात की धोका आहे, म्हणून अर्धा तास तयारी होते. बसमध्ये, बोटीत, फरशी पुलावर कोणी मान्यच करत नाही, म्हणून एक मिनिटही होत नाही.

या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली मंडळी बसने यात्रेला निघाली. मी त्यांच्या ग्रुपवर पाच प्रश्न टाकले, ट्रॅव्हल्सवाल्याला विचारायला. ड्रायव्हर दोन आहेत का? घाटातला प्रवास दिवसाच आहे ना? प्रत्येक सीटला चालणारा पट्टा आहे का? संकटकाळी दार कुठलं, ते निघण्याआधी सगळ्यांना उघडून दाखवणार का? पाऊस जास्त झाला तर एक दिवस थांबायची तयारी आहे का? आधी हसले सगळे. एका काकांनी लिहिलं, देव सोबत आहे ना! त्यावर आईने व्हॉइस मेसेज टाकला, 'देव हाय ना, पन डायव्हरची झोप तर झाली पाह्यजे!' मग प्रश्न गेले. पाचपैकी चारांची उत्तरं हो आली. पट्टे सहा सीटना नव्हते, ते बसवून घेतले.

तर तुम्ही राफ्टिंगला जाणार असाल, तर एवढं करा. गाईड पहिल्यांदा सगळं समजावून सांगत नसेल तर उतरू नका. जॅकेट आणि हेल्मेट मापाचं मागा. सोबत दुसरी राफ्ट किंवा कयाक आहे का विचारा. पावसाळ्यात पाणी चढलेलं असताना जाऊ नका. दारू पिऊन तर अजिबात नको. आणि पोहता येत नसेल तर लाजू नका, आधीच सांगा. मी आता पुण्यात पोहायला शिकतोय, बॅचमध्ये बाकी सगळी सात-आठ वर्षांची पोरं आहेत. मला दादा नाही, काका म्हणतात.

हा भाग तुमच्या घरच्या यात्रेच्या ग्रुपवर नक्की टाका, ते पाच प्रश्न तिथे कामाला येतील. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पट्टा लावा!